कोनते?

आमचं आडनाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर वाचणारा तेच करील जे मी आयुष्यभर करत आलो, आणि पुढचं सगळं त्याला त्याच रंगात दिसेल. एवढंच सांगतो की वऱ्हाडात ते गावोगाव आहे आणि एका जातीत नाही. कुणब्यांत आहे, माळ्यांत आहे, बौद्धांतही आहे. त्यामुळे आमच्याकडे नुसतं आडनाव सांगून भागत नाही. समोरचा थोडा थांबतो, चेहरा निरखतो आणि विचारतो, "कोनते?"

बाहेरगावचा माणूस या प्रश्नानं गोंधळतो. आम्ही गोंधळत नाही. गाव सांगतो, मामाकडचं आडनाव सांगतो, आणि तरीही समोरच्याचं समाधान झालं नाही तर आवाज जरा खाली आणून म्हणतो, "ते नाई." ते म्हणजे कोण, हे बोलायचं नसतं. आम्ही कुणबी, आमचं वावर नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला. "ते नाई" मी कितीदा म्हटलं असेल याचा हिशेब नाही. कोणी विचारायच्या आतही म्हटलेलं आहे.

आणि तरी मी स्वतःला तसा माणूस समजत नव्हतो. वडील मोझरीच्या आश्रमात जाणारे. आमच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची, वडिलांची खंजिरी अजून खुंटीला आहे. सगळी माणसं सारखी, हे मी नीट बोलता येण्याआधी गायला शिकलो. लहानपणापासून गात आलं की आपण तसेच आहोत असं वाटायला लागतं. ते तपासून बघायची वेळ माझ्यावर फार उशिरा आली.

अमरावतीच्या आमच्या ऑफिसात अकोल्याहून एक जण बदलून आला. आडनाव आमचंच. शिपायाला चेष्टेला विषय मिळाला. "साहेब, तुमच्यासाठी फोन होता. कोनत्या साहेबासाठी ते म्या इचारलं नाई," असं तो दोघांकडे बघून म्हणायचा आणि सगळे हसायचे. मी मोठे आणि तो लहाने, असं ठरून गेलं. तो आठवडाभर इथं खोली घेऊन राहायचा, शनिवारी अकोल्याला आईकडे जायचा. दुपारी आम्ही डबा एकत्र खायचो. असं दोन वर्षं चाललं.

या दोन वर्षांत मी त्याला "कोनते?" हे विचारलं नाही. आता प्रामाणिकपणे सांगतो, विचारावंसं वाटलंच नाही. तो टापटिपीचा होता, मृदू बोलायचा, कोणाच्या पाठीमागे कोणाची निंदा करायचा नाही, काम तुंबवायचा नाही. इतका चांगला माणूस म्हणजे आपल्यातलाच असणार. हे वाक्य मी कधी मनात शब्दांत म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तेव्हाच ऐकू आलं असतं.

माझी पुतणी, थोरल्या भावाची मुलगी, शिक्षणासाठी आमच्याकडेच वाढली. एम.एस्सी. झाली आणि राजापेठेतल्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायला लागली. भावानं स्थळाचं काम माझ्यावर टाकलं होतं. त्या सहकाऱ्याचा धाकटा भाऊ अकोल्याला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत होता. एकदा ऑफिसात भेटून गेला होता, मला आवडला होता. एका दुपारी डबा खाता खाता मी विषय काढला.

"भावाचं पाहून राहिले का कुठी?"

"पाहून तं राहिलो. कावून जी?"

"माही पुतनी आहे. पाहाचं असन तं पाहा."

त्याचा घास हातात राहिला. "तुमच्या घरचे काय म्हनतीन, भाऊ?"

"घरचे काय म्हनतीन? मी म्हनलं म्हंजे झालं."

डब्यातली वांग्याची भाजी सगळीच्या सगळी त्यानं माझ्या झाकणात वाढली आणि बेसिनकडे डबा धुवायला गेला. बराच वेळ धूत होता. मला वाटलं, लाजाळू माणूस आहे.

मुलगा अमरावतीला येऊन गेला. जुन्या मोटारसायकलवर अकोल्याहून आला होता, केसांत धूळ. पोहे खाल्ले, फार बोलला नाही. निघताना मात्र पुतणीला सर्वांसमोर म्हणाला, "शिकवणं सोडू नका. लग्न कोणाशीही करा, पण ते सोडू नका." ती हसली. त्यानंतर दोघांचं फोनवर बोलणं सुरू झालं. मी तर त्याचे गुणच गात सुटलो. कमी बोलतो, म्हणजे पोटात वाईट नाही. जुनी गाडी चालवतो, म्हणजे डामडौल नाही. बहिणीचं शिक्षण होईस्तोवर लग्नाचं थांबला, म्हणजे जबाबदारीची जाण आहे. जे सांगायचं ते मुलीलाच सांगितलं, म्हणजे स्वभाव सरळ. बायको म्हणाली, "पोरीच्या आंधी तुमीच त्याच्या प्रेमात पडले बाप्पा."

भावानं फोनवर फक्त एकच विचारलं. "कोनते हायत?"

"आपलेच."

"इचारलं काय?"

"इचाराले काय लागते, दादा? दोन वर्सं झाले, एका डब्यात जेवून राहिलो."

मग मी घर पाहायला एकटाच अकोल्याला गेलो. लहान, स्वच्छ घर. समोरच्या कपाटावर बुद्धाची पांढरी मूर्ती होती. मी मनात म्हटलं, शोपीस आहे, हल्ली सगळ्यांकडे असतं. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती. मी म्हटलं, शिकलेलं घर आहे, लावली असेल. डोळ्यांनी दोनदा सांगितलं आणि मी दोनदा त्यांना गप्प केलं. पानं वाढली. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. मी जेवायला लागलो. तेवढ्यात शेजारी गेलेली त्यांची म्हातारी आई आत आली आणि मला बघून दोन्ही हात जोडून बौद्ध घरांतला तो दोन शब्दांचा नमस्कार केला.

माझा हात पानात थांबला. रोडगा वरणात बुडालेला, तसाच. क्षणभरच थांबला असेल. मी परत खायला लागलो. पानातलं सगळं संपवलं, आणखी भाजी मागून घेतली. नंतर कित्येक महिने मी स्वतःला याच गोष्टीची शाबासकी देत होतो, की मी ताटावरून उठलो नाही.

"जेवा बापू, पोटभर जेवा," आई म्हणाली. "पोरगं सदा तुमचंच सांगते. म्हने, मानूस पाहावं तं असं."

सहकारी मला बसस्टँडपर्यंत सोडायला आला. गल्ली संपल्यावर म्हणाला, "भाऊ, तुमाले मालूम नव्हतं का?"

"मालूम होतं ना," मी म्हणालो.

"नाई. तुमचा हात पाह्यला म्या." मग थोडं चालून तो म्हणाला, "चूक माहीच हाय. मले वाटलं, मोझरीची प्रार्थना करनारं घर. आईले सांगतलं होतं म्या, दोन वर्सं झाले, त्यानं अजून कोनते म्हनून इचारलं नाई. तिनं गल्लीभर सांगतलं ते."

अंदाज त्यानंही बांधला होता. माझ्या न विचारण्यावरून त्यानं मला मोठा माणूस ठरवलं. त्याच्या चांगुलपणावरून मी त्याला आपल्यातला ठरवलं. चुकलो दोघंही, पण त्याच्या चुकीत मी होतो त्याहून बरा निघालो होतो.

एस.टी.त खिडकीची जागा मिळाली. बोरगाव मंजू येईपर्यंत मी काहीच विचार केला नाही. त्यानंतर मात्र डोकं चालायला लागलं. मुलगा कमी बोलतो, म्हणजे मनातलं कळू देत नाही. मूर्तिजापूरला गाडी थांबली, भेळवाला चढला. बहिणीसाठी लग्नाचं थांबला, की कुठं काही जमवलेलं होतं? जुनी गाडी चालवतो, चिकट असणार. आणि पहिल्याच भेटीत परक्या मुलीला सगळ्यांदेखत काय करायचं ते सांगतो, हा आगाऊपणाच की. बडनेरा येईपर्यंत माझ्याजवळ एक पूर्ण वेगळा मुलगा तयार झाला होता. त्याच्याबद्दल नवीन काही कळलेलं नव्हतं. तीच गाडी, तेच मौन, तेच वाक्य. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जात हे कारण मला यात कुठं सापडलंच नाही. मला खरोखरच वाटत होतं की मी मुलाचा विचार करतो आहे.

भावाला फोनवर दोनच शब्द सांगितले. "ते हायत." तो म्हणाला, "बरं झालं पाहून आला," आणि फोन ठेवला. त्याच्याशी खरं बोलायला काहीच लागलं नाही.

पुतणीसमोर मात्र तोंड उघडेना. ती आमच्याच घरात, त्याच प्रार्थनेत वाढलेली. तिला जात सांगितली असती तर ती म्हणाली असती, मग काय झालं? मग माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी म्हणालो, "पोरगा पेतो म्हनतात."

"कोन म्हनतात?"

"अकोल्यात समजलं."

"काका, तुमीच तं म्हनत होते, असा पोरगा शोधून भेटनार नाई."

"मानूस वरून समजत नाई, बाई."

"सकायी गेले तवा एक होता. आता दुसराच होऊन आला का?"

मी आत जाऊन हातपाय धुतले.

तिनं त्या मुलाला फोन करून विचारलं. काय बोलणं झालं मला माहीत नाही. सोमवारी सहकारी नेहमीसारखा माझ्यासमोर बसला, पण डबा उघडला नाही.

"नाई म्हनाचा तुमचा हक्क होता, भाऊ. पन दारूडा कावून केलं त्याले?"

मी माझ्या डब्याचं झाकण लावलं.

"बापाच्या दारूनं आमचं घर बसलं, हे म्या तुमाले इथंच बसून सांगतलं होतं. त्या घरात कोनी थेंब घेत नाई. भाऊ म्हनते, जे लोक मले दारूडा म्हनतात त्यायच्या दारी काय म्हनून उभा राहू? पोरीचा राग नाई त्याले." डबा तसाच उचलून तो खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसला. पुढं त्यानं अकोल्याला बदली मागून घेतली. शिपायानं चेष्टा बंद केली. ऑफिसात त्या आडनावाचा मी एकटाच उरलो.

भावानं दुसरं स्थळ आणलं. मी विचारलं, "कोनते?" तो म्हणाला, "आपलेच, पक्के." संपलं. या एका उत्तरानं पुढचे सगळे प्रश्न बंद झाले. मुलगा या घरीही फार बोलला नाही, आणि मी पुतणीला म्हणालो, "कमी बोलते, चांगलं लक्षण हाय." लग्न झालं.

नवऱ्यानं आधी तिचं शिकवणं बंद केलं. मग फोन बघायला लागला, मग ती घरी असताना बाहेरून कडी लावायला लागला. तिनं माहेरी सांगितलं तेव्हा माझा भाऊ म्हणाला, सगळीकडे असंच असतं. मीही तसंच म्हणालो, जरा सौम्य शब्दांत. शेवटी ती स्वतःच निघून आली. वडिलांकडे गेली नाही. का कोण जाणे, आमच्याकडेच आली, आणि महिन्याभरात राजापेठेतल्या त्याच क्लासमध्ये पुन्हा शिकवायला लागली.

कोर्टात घटस्फोटाचा निकाल लागला त्या संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना ती म्हणाली, "मले मालूम होतं, काका."

"काय?"

"ते कोनते हायत ते. त्यानं पह्यल्याच फोनवर सांगतलं होतं. म्या म्हनलं, मंग काय झालं."

म्हणजे मी दारूचं म्हणालो त्या क्षणी तिला कळलं होतं की मी खोटं बोलतो आहे. मी विचारलं, तेव्हाच का बोलली नाहीस?

"वाट पाहून राहिली होती. तुमी खरं सांगसान म्हनून. जातीचं म्हनले असते तं भांडली असती मी तुमच्याशी, बाबाशी, सगळ्यायशी." तिनं घडी घातलेला टॉवेल माझ्या हातात दिला. "दारूचं म्हनले तुमी, आन् तेच मागं हटले. त्यायच्याशी कसं भांडू?"

गेल्या महिन्यात ओळखीचे एक जण तिच्यासाठी स्थळ सांगायला घरी आले. दर्यापूरकडचा बिजवर आहे, शिक्षक आहे, असं त्यांनी सांगितलं. आणि आडनाव सांगितलं. ते ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोनते?"

पुतणी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. आवाज न चढवता ती म्हणाली, "काका, तेवढं सोडून काहीबी इचारा."

पाहुणे हसले. त्यांना गंमत वाटली. मीही हसल्यासारखं केलं आणि विचारायला तोंड उघडलं. ती ट्रे धरून उभी होती. तिला घाई नव्हती, मला वेळ देत होती. माणूस रागावल्यावर काय करतो, घरात कोणाशी कसा वागतो, पहिल्या बायकोबद्दल कसं बोलतो, हे आता लिहिताना सुचतं आहे. तेव्हा काही सुचलं नाही. जन्मभर माणसं पारखली असं मी समजत होतो, आणि माझ्याजवळ प्रश्न तेवढा एकच होता.

तिनं कप पाहुण्यांच्या हातात दिला, आणि जे विचारायचं ते स्वतःच विचारायला बसली.