वसंताने लावलेला कौल

फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या ऑफिसात साहेबांच्या चालण्याची नक्कल करत होतो आणि चौघे जण पोट धरून हसत होते. पलीकडून सांगलीचा वसंताचा भाचा बोलत होता. "काका, मामा गेले." मी रिसीव्हर ठेवला. सगळे विचारू लागले, तेव्हा मी म्हणालो, "वसंता देवाघरी गेला." वाक्य तोंडातून बाहेर पडलं मात्र, आणि माझ्या ध्यानात आलं, की ज्याच्याविषयी मी हे बोललो, त्यानंच ते नापास करून परत पाठवलं असतं. महिना उलटून गेला, ते एवढंसं वाक्य घशात अडकून बसलंय. ते खरं असावं असं मला फार वाटतं. पण खरं आहे असं म्हणायला हातात काही नाही...

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही एकाच कारखान्यात होतो. तो तपासणी विभागात. नग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसला तर माल, नाही बसला तर भंगार. हाच नियम तो जेवणाच्या सुट्टीतही लावायचा. औंधजवळच्या शेतात माझ्या चुलत्यांना साक्षात देवी दिसली होती, ही गोष्ट मी आवाज चढवत, उतरवत, मध्येच थांबत सांगायचो. वसंता भाकरी मोडत विचारायचा, "किती लांबून दिसली?" मग, "चुलत्यांना चष्मा होता का रं?" मग, "आदल्या दिवशी जत्रा होती म्हणालास न्हवं?" लोक माझ्या गोष्टीपेक्षा त्याच्या उलटतपासणीलाच जमायचे. खरं सांगायचं, तर त्यानं विचारावं म्हणूनच मी दर वेळी देवीच्या अंगावर एखादा दागिना वाढवत असे.

या वसंताला त्याच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, वाढवलेलं. ती सांगलीजवळच्या गावात राहायची. तीन-चार वर्षांपूर्वी तिचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेल्यात जमा झाले. उशीर केला तर ऑपरेशनचाही उपयोग होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण अक्काच्या घरात म्हैस घ्यायची झाली तरी गावच्या देवीला कौल लावत. देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं फुलाची एकेक पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवानं कौल लावला आणि डावी पडली. अक्कानं विषय मिटवला. पुढच्याच आठवड्यात ताट समजून तिनं उकळती आमटी स्वतःच्या पायावर ओतली.

वसंतानं रजा टाकली आणि मला बरोबर घेतलं. "तू गोड बोलतोस," एवढंच म्हणाला. मी अक्कापुढे बसून देवीच्या वतीनं मोठं भाषण केलं. आवाज चढवला, उतरवला, मध्येच थांबलो. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी नाटकात काम करता न्हवं?"

मग वसंता म्हणाला, "अक्का, परत इचारता येतं का?"

"घरातल्यानं इचारलं तर येतं. पर तू कुठला इचारतोस."

"इचारतो."

सकाळी आम्ही देवळात गेलो. अक्का खांबाला टेकून बसली. मी वसंताच्या कानाशी लागलो, "डावीला पाणी भरपूर लाव, उजवीला नुसता ओला हात. म्हणजे उजवीच आधी पडेल." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चांगल्या मालात भंगार मिसळत होतो.

"खोटा शेरा मी मारत न्हाई."

"अरे, पण तुझा या मापावर विश्वास तरी आहे का?"

"माझा न्हाई. तिचा हाय."

त्यानं दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवल्या, सारख्या चिकटवल्या आणि समोर बसला. गुरव चहा पिऊन आला, ऊन उंबऱ्याच्या आत सरकलं. देवीकडे इतकं टक लावून बघणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. अक्का मधूनमधून विचारायची, "पडली का रं?"

"न्हाई."

"कंची बी?"

"कंचीच न्हाई."

उजवी पडली म्हणाला असता, तर तिला कुठं दिसणार होतं... पाकळ्या शेवटी तिथंच वाळून दगडाला धरून राहिल्या. अक्कानं देवीच्या दिशेनं हात जोडले. मग म्हणाली, "आई बोलत न्हाई म्हंजी माझ्यावर सोडलंय तिनं. वसंता, तू काय म्हंतोस?"

"मी म्हंतो, कर."

"मला दिसंल का?"

"बहुतेकांना दिसतं, अक्का. तुला दिसंलच, असं कसं सांगू?"

ती खांबाचा आधार घेऊन उठली. "चल मग."

परतीच्या एसटीत कराड मागं पडलं, तसा वसंता माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "गड्या, माझ्याकडं तिनं पुरावा मागितला न्हाई."

"तू खोटं बोलत नाहीस, हे ती तुझ्या लहानपणापासून बघत आलीय."

"मग तोच पुरावा झाला की. देवीचा माझ्याजवळ तसला न्हाई." खिडकीबाहेर बघत पुढं म्हणाला, "पर तितं बसलो हुतो तवा लय वाटत हुतं, कुणीतरी असावं."

पुढं ऑपरेशन झालं. डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर अक्का वसंताला पहिलं वाक्य बोलली ते असं, की तू एवढा म्हातारा कवा झालास.

परवा मी सांगलीला जाऊन आलो. वसंता शेवटचे दिवस अक्काकडेच होता. मागच्या खोलीत त्याची खाट. मी सरळच विचारलं, "अक्का, वसंता देवाघरी गेला असेल ना?" तिनं हो म्हटलं असतं, तर मी एकही प्रश्न न विचारता ते घेतलं असतं.

ती म्हणाली, "मला वाटतं, गेला आसंल. बघितल्यालं न्हाई मी."

आणि ती अंगणात गेली. दोरीवर वसंताची वाकळ वाळत घातली होती. "धरा की दुसरं टोक," म्हणाली. आम्ही दोघांनी ती जाड गोधडी झटकली, आत आणून त्याच्या खाटेवर पसरली. अक्का चहा टाकायला गेली. मी वाकळीवर हात ठेवला. ती गरम होती. ऊब उन्हाची होती, हे मला ठाऊक होतं... तरी चहा येईपर्यंत मी हात उचलला नाही.