लवूच्या बंदुकीतली काथ्याची बोळी

धामापूरच्या अलीकडे आमची वाडी. तिथला लवू परब कोणाच्या बापाला भीत नसे, आणि त्याच्या नादाला लागून अर्ज लिहायला बसलो तो मी, शाळेचा मास्तर. मला मेल्याला शहाणपण कमी.

१९५९ साल. सरकार हत्यारांचा नवा कायदा करणार, शेतराखणीच्या बंदुका कचेरीत जमा कराव्या लागणार, अशी बोलवा उठली. खरं-खोटं कोणालाच ठाऊक नव्हतं, पण लवूचं डोकं फिरलं. त्याचं भात जंगलाला लागून. एका रात्रीत डुकरांचा कळप शिरला की वर्षभराचं खाणं चिखलात जाई.

"डुकरां काय सरकाराक विचारून येतत?" तो माझ्या ओटीवर येऊन कडाडला. "मास्तरा, लिही. माझ्या बंदुकेन तीस वर्षांत कोणा माणसाक ओरखडो पण काढूक नाय."

वाक्य मला भारी आवडलं. शुद्ध मराठीत नटवून मी ते अर्जात पहिलंच घातलं आणि दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. सत्तावीस जणांनी खाली अंगठे उठवले. बायकांना विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. दसरा झाला की मालवणला जाऊन मामलेदारांच्या हातात अर्ज द्यायचा, असं ठरलं.

बंदूक ठासणीची होती. दारू आणि छर्रे नळीतून ठासायचे. ती भरलेली असली की लवू नळीच्या तोंडात काथ्याची बोळी कोंबून ठेवी. बोळी दिसली तर भरलेली, नाही दिसली तर रिकामी. तीस वर्षं ही खूण त्याची त्यालाच ठाऊक; घरात ती सांगायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं.

दसऱ्याला त्याच्या अंगणात हत्यारांची पूजा असे. कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि मधे पाटावर आडवी बंदूक. पूजा झाली की लवू बंदूक न उचलता तिच्यावर केप, म्हणजे ठिणगीची तांब्याची टोपी, चढवी आणि घोडा ओढी. नुसती केप फटकन वाजे. देवीला मान. पोरंसोरं टाळ्या पिटत.

त्या सकाळी सुभद्राने, लवूच्या बायकोने, बंदूक पुसून लख्ख केली. झेंडूची माळ घातली. लवूने नळीकडे पाहिलं, बोळी नव्हती. त्याने केप चढवली. सुभद्रा समोरून आरतीचं ताट खाली ठेवायला वाकली.

लवूने घोडा ओढला आणि धडाका झाला!

देवा रे! माझे कान बंद झाले. धूर ओसरला तेव्हा ताट कुठेतरी उडालं होतं, सुभद्रा तुळशीजवळ बसली होती आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, दुसऱ्या कोणाचा असावा तशी. रडत नव्हती. किंचाळला तो लवू. आदल्या संध्याकाळी डुकरांसाठी त्याने बंदूक भरली होती, आणि पूजेच्या घाईत विसरला होता.

"काथो कळकट दिसलो," ती एवढंच म्हणाली, "म्हणान काढलंय. देवीसमोर बरी दिसूक होयी ना."

आम्ही तिला डोलीत घालून मालवणला नेलं. पंधरा दिवसांनी ती परत आली. मी भेटायला गेलो तर लवू भिंतीला टेकून बसलेला, दाढी वाढलेली. मला पाहताच म्हणाला, "मास्तरा, तो अर्ज फाड."

खाटेवरून सुभद्राचा आवाज आला. "फाडू नको. माका हात नाय, आता शेत पण नको? डुकरां हतच." मग माझ्याकडे वळली. "मास्तरानू, पण ता ओरखड्याचा वाक्य खोडा. खोटा लिवचा नाय."

तिच्यासमोरच मी ते वाक्य खोडलं. ती सांगेल ते खाली लिहिलं: या बंदुकीने एका माणसाला दुखापत केली, ती लवू परबाची बायको सुभद्रा, तरीही शेतासाठी बंदूक हवी, पण ती नीट कशी ठेवावी हे सरकारने गावाला शिकवावं.

"आता माझो आंगठो घेवा," ती म्हणाली.

मी शाई पुढे केली. सवयीने तिने उजवा हात उचलला. फडक्याच्या गुंडाळीत अंगठा नव्हताच. लवूने तोंड फिरवलं. तिने हात खाली घेतला आणि डावा पुढे केला.