अक्काताईची वाटी

बोरगावात माझ्या घराच्या पुढच्या सोप्यात दर रविवारी दुपारी मी सिनेमा लावतो. भाषा परकी असली की पडद्याशेजारी उभा राहून सगळ्यांचे संवाद मीच मराठीत म्हणतो. राजा मी, राणीही मीच. नाटक कंपनी बुडाली, घसा अजून वाजतो.

पुढच्या रांगेत अंबुबाई बसायची. कंपनीचे शेले, अंगरखे तीस वर्षं तिनं शिवले. माझ्यासारख्या फाटक्या नटाला राजा केलं ते तिच्या सुईनं.

त्या रविवारी जर्मनीतला जुन्या काळचा सिनेमा होता. एका जिन्यावर समोरासमोर दोन घरं, त्यातलं एक ज्यूंचं. सरकारचा हुकूम निघतो, ज्यूंशी कुणी संबंध ठेवायचा नाही. ज्यू बाई समोरचं दार वाजवते. आतली शेजारीण कडीवर हात ठेवून नुसती उभी. मी आवाज बारीक केला, "अगं, मी हाय. उघड की!"

अंबुबाई उठली आणि चपला घालू लागली.

"का गं? आवाज बसला व्हय माझा?"

"न्हाय अण्णा, लई चांगला हाय. तिनं बी अशीच हाक मारली हुती."

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो तेव्हा तिनं ट्रंकेतून स्टीलची वाटी काढली. वर नाव कोरलेलं, अक्काताई. बेचाळीस वर्षांपूर्वी शेजारच्या अक्काताईच्या लेकानं जातीबाहेर लग्न केलं आणि गल्लीनं त्या घराशी देणंघेणं बंद केलं. आदल्याच दिवशी वाटीतून विरजण आलं होतं. शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते, भरून द्यायला बंदी. वाटी राहिली. चार दिवसांनी अक्काताईनं दार वाजवलं. अंबुबाई आत उभी राहिली.

मी तेव्हा दौऱ्यावर होतो, असं सांगत आलोय. नव्हतो. शेजारीच, माझ्या घरात होतो.

सोमवारी आम्ही निपाणीला गेलो. वाटीत दही, वर फडकं. अक्काताई खाटेवर बसली होती. तिनं कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं.

"तवा वाटी न्यायलाच आलतीस न्हवं?" अंबुबाईनं विचारलं.

"न्हाय गं. घर सोडून निघालो हुतो. सांगाया आलते."

 सुनेनं दही पातेल्यात ओतलं, वाटी धुतली आणि फळीवर बाकीच्या वाट्यांत पालथी घातली. मग चहा आला. आम्ही तो प्यालो.

परतीच्या बसमध्ये अंबुबाई फडक्याची घडी घालत बसली. उलगडायची, पुन्हा घालायची.

"अण्णा, त्या सिनेमातली बाई शेवटाला दार उघडती का वो?"

मला खोटं सांगता आलं असतं. आयुष्यभर तेच केलं.

"न्हाय," मी म्हणालो.

"व्हय, वाटलंच हुतं," ती म्हणाली आणि फडकं पिशवीत ठेवलं.