लाईट गेली होती, असं मी सांगितलं

माझ्या बायकोला माझे सगळे पासवर्ड ठाऊक आहेत. ही गोष्ट ठाऊक नाही. मंगेशला ठाऊक नाही — आणि सांगायचीच होती तर सगळ्यांत आधी त्याला सांगायला हवी होती. तीन वर्षांत चार-पाच वेळा तोंडाशी आली असेल. प्रत्येक वेळी मी विषय बदलला. विषय बदलण्यात मी पटाईत आहे, हे तुमच्याही लक्षात येईलच.

मी वरवट बकालचा. पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करायचो — माडीवरची खोली, एक टेबल, भिंतीला वायफायचा डबा. आमच्या टीममधला आणखी एक जण घरून काम करायचा, तो मेहकरचा मंगेश. एकाच जिल्ह्याचे, म्हणून मीटिंगमध्ये सगळे आम्हाला 'बुलढाणा पार्टी' म्हणायचे. आमचं बोलणं ऐकलं की पुण्याची पोरं हसायची. मी जपून, शुद्ध बोलायचो. मंगेश मात्र मुद्दाम आणखी वऱ्हाडी बोलायचा — "काऊन हासून राह्यले बे?"

तो घरी होता त्याला कारण होतं. त्याचे वडील एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना लकवा मारला. हातपाय थोडेफार हलायला लागले, वाचा मात्र गेलेली. डॉक्टर म्हणाले, पहिलं वर्ष महत्त्वाचं आहे, रोज समोर बसून बोलायला लावा, जे यायचं ते या वर्षातच येईल. मंगेश रोज सकाळी बसायचा. साधे शब्द येईनात तेव्हा त्यानं गावं घेतली, जन्मभर गाडीच्या दारातून पुकारलेली. मेहकर, लव्हाळा, चिखली, बुलढाणा. पाचव्या महिन्यात त्यांच्या तोंडून 'चिखली' आलं. मंगेशनं लगेच मला फोन केला. रडत होता. "बाबा चिखलीले पोचले बे," म्हणाला. मला खरोखर आनंद झाला होता. हे आवर्जून सांगतो — कशासाठी? तुम्ही मला अगदीच दगड समजू नये म्हणून असेल. समजलात तरी चालेल.

आता कामाचं. कंपनीत कुठलं सॉफ्टवेअर किती जण वापरतात, याची नोंद ठेवणारं एक मशीन माझ्याकडे होतं. मशीन म्हणजे हात लावता येईल असं काही नाही, मोठ्या सर्व्हरच्या आत चालणारा एक आभासी संगणक. घराबाहेर विजेचं मीटर असतं ना, तसं सॉफ्टवेअरचं मीटर. लायसन्स जितक्यांचं आहे तितकेच वापरतात, हे सॉफ्टवेअरवाल्यांना त्याच नोंदींवरून दाखवायचं असतं. त्या मशीनला नवी आवृत्ती चढवायची होती. कागदावर पायऱ्या लिहिलेल्या होत्या आणि पहिलीच पायरी होती — स्नॅपशॉट घ्या. आहे त्या स्थितीची हुबेहूब प्रत. पुढे काही बिघडलं तर त्या प्रतीवरून मागं येता येतं.

त्याला पाऊण तास लागायचा. मी आधी चार वेळा हे अपग्रेड केलं होतं, चारही वेळा स्नॅपशॉट घेतला होता, आणि एकदाही त्याची गरज पडली नव्हती. पाचव्या वेळी मी नुसती खूण केली — 'घेतला'. घाई होती का? नव्हती. कंटाळा आला होता. खाली आईनं भाकरी टाकली होती, तिचा वास वर येत होता. एवढंच.

अपग्रेड अर्ध्यात अडकलं. मशीन परत सुरू झालं तेव्हा आत काहीच नव्हतं — आठ महिन्यांच्या नोंदी, साफ. मी मागं जायला गेलो. मागं काही नव्हतंच.

मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे आमच्या टीमच्या प्रमुख, पुण्याच्या, स्वभावानं चांगल्या. त्यांनी रागावून विचारलं असतं तर कदाचित मी खरं बोललो असतो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. त्यांनी काळजीनं विचारलं. "स्नॅपशॉट कसा नाही? तिकडे लाईट वगैरे गेली होती का?"

मी म्हणालो, हो. स्नॅपशॉट घेत असतानाच लाईट गेली, कनेक्शन तुटलं, परत आल्यावर मला वाटलं तो पूर्ण झालाय.

पंखा फिरत होता. फोन कानाला लावून मी त्याच्याकडेच बघत होतो. मशीनच्या नोंदी गेल्या तरी सर्व्हरच्या नोंदी होत्या. कुणी उघडल्या असत्या तर पाच मिनिटांत कळलं असतं की स्नॅपशॉट सुरूच झाला नव्हता. कुणी उघडल्या नाहीत. गावातला माणूस लाईट गेली म्हणतो तेव्हा कोण तपासतं? माझ्या गावाबद्दल लोकांचा जो समज होता, ज्याचा एरवी मला राग यायचा, तोच मी पांघरला.

पंधरा दिवसांत नियम आला. अशी मशीन सांभाळणाऱ्यांनी पुण्याच्या ऑफिसातच बसायचं, महिन्याभरात हजर व्हायचं. घरून काम करणारे होतो दोघंच. मी गेलो, माझं काही अडलं नाही. मंगेशही आला. बहिणीचं लग्न ठरलं होतं, आई एकटी, नोकरी सोडणं शक्य नव्हतं. वडिलांच्या लकव्याला सातवा महिना लागला होता. तो फोनवरून गावं म्हणवून घ्यायचा प्रयत्न करायचा. फोन कानाला लावला की म्हातारा गोंधळायचा, म्हणे.

इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल, हीच ती कबुली. घाबरला, खोटं बोलला. — नाही. घाबरून बोललेलं खोटं मी एखादे वेळी मंगेशला सांगूही शकलो असतो.

दोन महिन्यांनी मंगेशनं अर्ज केला. वडिलांसाठी चार महिने घरून काम करू द्या. घरी इन्व्हर्टर आहे, इंटरनेटची दोन कनेक्शनं आहेत. मॅडमच्या मनात द्यायचं होतं. त्यांनी मला मेसेज केला — तुम्ही त्याच भागातले, मेहकरला विजेची परिस्थिती कशी आहे? दोन ओळी लिहून द्या, मी वर पाठवते.

मेहकर म्हणजे तालुक्याचं ठिकाण. माझं गाव जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. 'तिथे काही अडचण नाही' एवढं लिहायचं होतं. मला धोका नव्हता. पण मी विचार करत बसलो. मेहकरला लाईट असते म्हटलं तर कुणी विचारेल, मग वरवटला? मग त्या दिवशी किती वाजता गेली होती? कुणी सर्व्हरच्या नोंदी उघडेल? खरं तर कुणीही उघडणार नव्हतं. तरी मी तो मेसेज दिवसभर तसाच ठेवला. जेवलो. मंगेशबरोबर चहा प्यायलो, तो मेहकरला जायच्या बसचं बोलत होता. मग जागेवर येऊन लिहिलं — 'आमच्या भागात विजेचा भरवसा देता येत नाही. जबाबदारीचं काम तिथून करणं जोखमीचं ठरेल.'

अर्ज फेटाळला. ते लिहिताना मला काय वाटलं, असं विचाराल तर — काही नाही. तेव्हाही नाही, आता हे लिहितानाही फारसं नाही. आतून बधिर झाल्यासारखं आहे, आणि त्याचीही आता सवय झाली आहे.

दीड वर्षानं तो नियमच रद्द झाला. मंगेश घरी परतला, मीही वरवटला आलो. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला मेहकरला गेलो होतो, तेव्हा त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील खाटेवर बसलेले, दाढी केलेली, स्वच्छ सदरा. माझ्याकडे बघत होते. आवाज नाही. जे 'चिखली' आलं होतं, तेही गेलं होतं. मंगेश अजून रोज समोर बसतो.

"वरीस निघून गेलं ना तिकडंच," तो म्हणाला. रडला नाही. मग त्याची आई चहा घेऊन आली, तेव्हा म्हणाला, "तवा अर्ज केला होता म्या. मॅडमनं तुले इचारलं असन ना माह्याबद्दल?"

"हाव."

"तू तं चांगलंच सांगतलं असशीन."

म्हातारा माझ्याकडेच बघत होता.

"हाव," मी म्हणालो.

"मले माहीत होतं बे," मंगेश म्हणाला, आणि त्यानं बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी दोन बिस्किटं खाल्ली. चहा पूर्ण प्यायलो.