नजर वाटून घेणारी आजी

मुलांच्या वाढीच्या देशव्यापी पाहणीसाठी मी आर्णीजवळच्या तांड्यावर गेलो होतो. त्याच मुलांची उंची दरवर्षी मोजायची. एक वर्ष हुकलं की मूल पाहणीतून बाद. एक आजी मात्र नातीला ओढणीआड धरून बसली.

"एकट्या लेकराले मोजलं तर नजर लागते. आधी साऱ्याइले मोज."

मग तांड्याचा नायक, शेजारणी, शेळीसुद्धा उंची मोजायच्या फळीला टेकली. प्रत्येकाच्या टाळूवर आजीच तळहात दाबायची, बांगड्या खळखळायच्या. हसून सगळ्यांची पोटं दुखली. शेवटी तिनं मलाही उभं केलं. माझी उंची इतक्या हौसेनं कुणी मोजली नव्हती.

"आता नजर वाटल्या गेली," म्हणत तिनं नात पुढे केली. हसू दाबत पोरगी ताठ उभी राहिली.

निघताना आजी म्हणाली, "पुढच्या साली ये बाबू. पोरगी जास्त वाढते का तू, पाहू."