पडद्याआडचा पाढा
शेजारच्या शाळेत पोरं पाढे म्हणू लागली की नगरच्या बेकरीतला माझा पहिला हिवाळा आठवतो. गोव्यातली पोर्तुगीज शाळा दुसरीतूनच सोडून मी इथं पाव भाजायला आलो होतो. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. एका सकाळी समोरच्या अत्तरवाल्यांची चाची आली. "तुला फिरंग्यांची बोली येती म्हनं? आमची नवी सून आफ्रिकेतली, तिथंबी फिरंग्यांचंच राज, तेवढीच बोली बोलती. कालधरनं जेवली न्हाई. इचार की बाबा!" मी हादरलोच. मला धड येत होते ते फक्त पाढे. त्यांच्या घरी सुनेच्या पडद्याबाहेर बसलो आणि घाबरून बेचा पाढाच धरला, "दोइश वेझेश दोइश, क्वात्रू..." पडद्याआड हुंदका थांबला, हसू आलं, आणि तीही म्हणू लागली. समुद्रापलीकडं तिलाही याच चालीत शिकवलं होतं! "या अल्ला, बोलली! आता पूस, काय खाती?" मी कसंबसं विचारलं. आतून उत्तर आलं, "पांव." "हे तर मला बी कळलं!" म्हणत चाची बेकरीकडं पळाली. त्या दिवसापासून चाचीनं मला कधी एकटं जेवू दिलं नाही. आजही जीव घाबरला की मी बेचा पाढा पोर्तुगीजमध्येच म्हणतो.