मावसभावाचे पस्तीस टक्के

लंगडावं कसं, हे अख्ख्या नगर जिल्ह्यात फक्त माझ्या मावसभावाला समजलं आहे. आम्हा दोघांना पोलिओ एकाच वर्षी झाला. त्याचा उजवा पाय गेला, माझा डावा. इथपर्यंत देवाने न्याय केला, पुढे मात्र उघड पक्षपात. मी सावेडीच्या रस्त्याने निघालो की लोक "सावकाश हं काका" म्हणतात. तो काठी फिरवत नेवाशाच्या बाजारातून निघाला की भाजीवाल्या पाट्या बाजूला ओढून "या पाव्हनं" म्हणतात. माझ्या लग्नातसुद्धा फोटो जास्त त्याचेच निघाले. मी जळतो त्याच्यावर. पन्नाशी उलटली तरी जळतो.

त्याचा धंदा मांडवाला दिव्यांच्या माळा लावण्याचा. पाय अधू असलेल्या माणसाने निवडावा असा हा धंदा आहे का? पण त्याच्यासमोर कुणी "जमणार नाही" म्हटलं की संपलंच. एका साखरपुड्यात मुलीच्या मामांनी तसं म्हणायची चूक केली, आणि मामा वळून बघतात तो हा बांबूच्या टोकावरून विचारतोय, "दिसतंय का, का आनखी वर घिऊ?" पण लग्नसराई चार महिन्यांची. उरलेलं वर्ष तो आणि मावशी सरकारच्या निराधार योजनेतून त्याला मिळणाऱ्या पगारावर काढतात.

गेल्या वर्षी फर्मान आलं की हाताने लिहिलेले जुने अपंगत्वाचे दाखले बाद. सगळ्यांनी पुन्हा तपासणी करून नवं ऑनलाइन कार्ड घ्यायचं. चाळीस टक्क्यांच्या खाली गेलात की पगार बंद, एसटीची सवलतही बंद. माझी अन्नावरची वासना उडाली. त्याच्या अंगात मात्र वारं शिरलं. कोणत्या खिडकीला कोणता कागद, झेरॉक्सवर सही कुठे, सगळं त्याला तोंडपाठ. माझ्याकडे मुक्काम ठोकून त्याने माझी तयारी करून घेतली.

"डॉक्टर म्हनले उठा, तर आधी खुर्ची धर. जिना चढता येतो का इच्चारलं तर म्हन, लई तरास व्हतो."

"होतोच की मला त्रास," मी चिडून म्हणालो.

"आरं मंग त्यो जरा तोंडावर दिसू दे ना!"

तपासणीच्या दिवशी रांगेतल्या आणखी तिघांना त्याने ही शिकवणी फुकट दिली. माझा नंबर आधी लागला. मी खुर्ची धरली, त्रास सांगितला, आणि मला पन्नास टक्के मिळाले. मग तो आत गेला. मी दारातच थांबलो. डॉक्टरीणबाई त्याला मुलगी शोभाव्या अशा वयाच्या आणि स्वभावाने गोड. तो उठायला लागला तशा त्या मायेने म्हणाल्या, "राहू द्या काका, काठीशिवाय नाही जमणार तुम्हाला."

मी डोळे मिटून घेतले. काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा हा गडी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. "आनखी कुठवर जाऊ, म्याडम?"

बाईंनी पुन्हा पुन्हा तपासलं आणि पस्तीस टक्के लिहिले.

मावशीला हे एकट्याने सांगायची त्याची छाती होईना, म्हणून मीही नेवाशाला निघालो. स्टँडवर मी त्याला समजावत होतो, फेरतपासणी मागता येते, या खेपेला काठी सोडू नकोस.

"जाईन. आईसाठी जावंच लागंल. पन त्या पोरीला काय सांगू? त्या दिशी चाललो ते खोटं व्हतं म्हनू?"

जन्मात पहिल्यांदा मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क पडले होते, आणि तरीही मी त्याच्यावरच जळत होतो. मला कुणी जमणार नाही म्हटलं, की मी आजवर निमूट बसत आलो.

एसटी आली. अपंगांसाठी राखीव बाकावर त्याने मला खिडकीशी बसवलं. मी सरकून जागा केली, तर म्हणाला, "तुजी हाय ती आता. मी हाय बरा," आणि वरची दांडी धरून उभा राहिला. गाडी भरलेली नव्हती, मागे बाकं रिकामी होती, पण तो तिकडेही गेला नाही. घोडेगाव येईपर्यंत त्याचा गुडघा थरथरायला लागला. मला ते दिसलंय हे त्याला कळू नये म्हणून मी नेवासा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.